निसटलेली पावले

मराठीत एम. ए. केलेल्या आणि वीस वर्षे वर्गात साहित्यशास्त्र शिकवत आलेल्या दोन माणसांनी चाळिशी उलटल्यावर हातात स्क्रूड्रायव्हर घ्यावा, याचे आमच्या घरच्यांना जेवढे आश्चर्य वाटले तेवढेच आम्हांलाही वाटले. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात शिकवतो. आमच्यातला एक कर्जतला राहतो, दुसरा खोपोलीला. कर्जत-खोपोली ही एकेरी रुळांची लहानशी शाखा आहे: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली. या गाडीत बसून आम्ही आजवर समीक्षेतल्या कितीतरी वादांचा परस्पर निकाल लावला आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत मात्र आमच्या बोलण्यात स्टेपर मोटर, ड्रायव्हर, पल्स असे शब्द येऊ लागले आणि रोजचे सहप्रवासी आमच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागले. हा उद्योग ज्या कारणाने सुरू झाला आणि शेवटी जिथे येऊन पोहोचला, ती दोन्ही ठिकाणे आमच्या शिकवण्याशी संबंधित आहेत. म्हणून हा लेख.

कारण होते मोडी लिपी. आमच्या विभागात मोडीचा एक छोटा वर्ग चालतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता एकामागून एक अक्षरे तिला लटकवत जायचे, अशी रीत. विद्यार्थी छापील तक्त्यावरून एकेक अक्षर सुटे गिरवतात; त्यांना आकार येतो, हाताची गती येत नाही. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ही आनंदाची गोष्ट. पण संगणकातला फॉन्ट अक्षराची बाह्यरेषा देतो, लेखणी कुठून निघाली आणि कुठे वळली ते सांगत नाही. पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवून घेत. तसे अक्षर लाकडात खोल कोरले आणि त्या खाचेतून मुलांनी बोट फिरवले, तर वळण हातात बसेल, असे आम्हांला वाटले. ओळखीच्या सुताराकडे गेलो. त्याने तक्ता पाहिला, दोन वेळा उलटसुलट धरला आणि म्हणाला, "सर, हे मशिनवर करा."

मशिन म्हणजे सीएनसी. आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे हे यंत्र १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीरपणे चालवून दाखवले, तेव्हा ते विमानाचे भाग कापण्यासाठी होते आणि त्याच्या नियंत्रणाच्या पेट्यांनी खोली भरत असे. आज ते काम तळहाताएवढा बोर्ड करतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी आर्डुइनो जन्माला आला. २००९ साली सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या माणसाने त्यावर चालणारी जीआरबीएल ही प्रणाली लिहून सर्वांना फुकट देऊन टाकली, आणि घरातल्या टेबलावर सीएनसी बांधणे शक्य झाले. महाराष्ट्राला हे सगळे परके नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली तिथे उभी राहिली. हातांनी काम करत शिकावे, या कलबागांच्या विचारावर आम्ही दोघांनी वर्गात पूर्वी बोललोही होतो. बोलण्यापलीकडे गेलो नव्हतो.

यंत्राची चौकट खोपोलीच्या घराच्या मागच्या खोलीत उभी राहिली. ती तुलनेने सोपी होती. अडलो ते वायरिंगपाशी. वाचकांपैकी बहुतेकांचा या विषयाशी संबंध आला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. स्टेपर मोटर सलग फिरत नाही, ती पावले टाकते. आमच्या मोटरचा एक फेरा दोनशे पावलांचा, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. ड्रायव्हर हे मधले उपकरण त्या पावलाचेही आठ भाग करते. मग एका फेऱ्याला सोळाशे ठोके, म्हणजेच पल्स, लागतात. मोटरला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात कोरणीला आठ मिलिमीटर सरकवतो. हिशेब केला तर एका मिलिमीटरला दोनशे पल्स. कंट्रोलर म्हणजे आर्डुइनो. तो एका वायरीवर पल्स पाठवतो आणि दुसरीवर दिशा सांगतो. ड्रायव्हर त्या नाजूक खुणेनुसार २४ व्होल्टचा दणकट प्रवाह मोटरच्या वेटोळ्यांत सोडतो. लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन दिशांसाठी तीन ड्रायव्हर, तीन मोटरी.

आम्ही पाठ्यपुस्तकावर वाढलेली माणसे. आकृती छापून घेतली आणि तिच्यातल्या रंगांप्रमाणे वायरी जोडल्या. मोटरला चार वायरी असतात, दोन वेटोळ्यांच्या दोन जोड्या. कोणत्या रंगाची जोडी कोणाशी, हे आकृतीत स्पष्ट छापलेले होते. वीज सुरू केली. मोटर जागच्या जागी थरथरली, गुरगुरली, पण फिरली नाही. आम्ही वायरी बदलून पाहिल्या. पुन्हा थरथर. तिसऱ्या खेपेला वीज बंद न करताच मोटरची वायर उपसली. ड्रायव्हरमधून बारीकसा आवाज झाला, जळका वास आला आणि ते उपकरण कायमचे गप्प झाले.

तो मेलेला ड्रायव्हर पिशवीत घेऊन आम्ही दोघे कर्जतकडे निघालो होतो. गाडीत एकाने तो बाहेर काढून उगाच पुन्हा न्याहाळायला घेतला. केळवलीला समोरच्या बाकावर येऊन बसलेला तिशीतला एक माणूस थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, टीबी ६६०० आहे ना हा? मोटर चालू असताना काढली काय?"

'सर' हा शब्द या भागात कोणीही कोणाला म्हणते, म्हणून आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही. सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. खोपोलीच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये तो कंट्रोल पॅनेलचे वायरिंग करत होता. उतरताना म्हणाला, "रविवारी येतो, सर. तुम्ही ओळखलं नाही. मी तुमच्या वर्गात होतो, एस. वाय.ला." एवढे सांगून त्याने जणू आमची अडचण ओळखून पुढचेही सांगितले, "शेवटच्या बाकावर नव्हतो. तिसऱ्या."

आम्ही दोघांनी घरी जाऊन जुने गट-फोटो काढले. तिसऱ्या बाकावरचा तो चेहरा सापडला. त्याच्याशी जोडलेली एकही आठवण सापडली नाही.

रविवारी तो आला. आमची आकृती त्याने घडी घालून बाजूला ठेवली. "रंगावर जाऊ नका. कंपनी बदलली की रंग बदलतो." मोटर त्याने ड्रायव्हरपासून पूर्ण सोडवली, चार सुट्या वायरींपैकी दोन एकमेकींना टेकवल्या आणि मोटरचा दांडा आमच्या बोटांत दिला. "फिरवा." दांडा सहज फिरला. त्याने दुसरी वायर टेकवली. "आता?" आता दांडा अडून अडून फिरत होता, जणू आतून कोणी बोट धरून ठेवले होते. "ही जोडी," तो म्हणाला. एकाच वेटोळ्याची दोन टोके जुळली की फिरणाऱ्या चुंबकामुळे त्यात प्रवाह निर्माण होतो आणि तो चुंबकालाच विरोध करतो, हे त्याने नंतर सांगितले. आधी बोटांना कळू दिले. आम्ही छापील आकृतीत जोड्या उलट वाचल्या नव्हत्या. आकृतीच आमच्या मोटरची नव्हती.

पुढचे चार रविवार त्याने आम्हांला शिकवले. तिन्ही ड्रायव्हरांची ऋण टोके एकत्र करून आर्डुइनोच्या ग्राउंडला न्यायची, म्हणजे सगळे एकाच शून्यापासून मोजतील. पल्सच्या वायरी आणि मोटरच्या वायरी एका जुडग्यात बांधायच्या नाहीत. खोपोलीच्या पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट गंज चढतो, म्हणून वायरीच्या टोकाला लग दाबून बसवायचा. लोखंडी चौकटीला अर्थिंग हवेच. या एका बाबतीत तो आमच्यावर चक्क ओरडला. हद्दीचे स्विच, म्हणजे कोरणी टोकाला पोहोचल्यावर यंत्र थांबवणारे लिमिट स्विच, त्याने उलट्या पद्धतीने जोडले. आमची कल्पना अशी की, स्विच दाबला की वीज वाहील आणि यंत्राला कळेल. त्याने वीज सतत वाहती ठेवली. ती तुटली की यंत्र थांबणार. "उंदरानं वायर कुरतडली, टर्मिनल सुटलं, तरी मशिन थांबलं पाहिजे, सर. तिकडून काही येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरायचं नाही."

चौथ्या रविवारी आम्ही पहिली ओळ कोरायला घेतली. शिरोरेषा सुरेख आली. मग कोरणी अक्षरांकडे वळली. मोडीचा प्रवाह यंत्राला जणू मानवला होता; कोरणी उचलण्याची गरजच फारशी पडत नव्हती. चार अक्षरे झाली, सहा झाली आणि आमच्या लक्षात आले की, अक्षरे शिरोरेषेपासून हळूहळू खाली उतरत आहेत. बाराव्या अक्षराशी ती जवळजवळ तीन मिलिमीटर सुटली होती. ओळीला लटकायची ती अक्षरे हवेत तरंगत होती.

आम्ही संगणकाकडे पाहिले. कंट्रोलरला आज्ञांची एकेक ओळ जात होती आणि प्रत्येक ओळीला त्याचे उत्तर येत होते: 'ओके'. पडदाभर 'ओके' एकाखाली एक रांगेने उभे होते. कोरणीची जागा म्हणून तो जे आकडे दाखवत होता, तेही अगदी बरोबर होते. त्या आकड्यांनुसार अक्षरे शिरोरेषेलाच चिकटलेली होती.

"हा खोटं सांगतोय," आमच्यातला एक म्हणाला.

"नाही सर, खोटं नाही. तो फक्त ऐकल्याचं सांगतो. ओके म्हणजे ओळ मिळाली. मोटरनं पाऊल टाकलं की नाही, हे त्याला माहीतच नसतं. तिकडून परत यायला वायरच नाही ना."

आम्ही जोडणी पुन्हा पाहिली. खरेच नव्हती. सगळ्या वायरी कंट्रोलरकडून मोटरकडे जात होत्या. एकही परत येत नव्हती. अशा रचनेला ओपन लूप म्हणतात. कंट्रोलर पल्स मोजून पाठवतो आणि पाठवले ते पोहोचले, असे गृहीत धरून स्वतःचा हिशेब पुढे नेतो. मोटरला दिलेला प्रवाह कमी पडला किंवा वेग एकदम वाढवला, तर तिचे पाऊल निसटते. ते निसटते चारच्या पटीत. आमच्या यंत्रावर दर वेळी ०.१६ मिलिमीटर. डोळ्याला ते दिसतही नाही. मात्र हिशेबात ते कधीच भरून निघत नाही, पुढचे प्रत्येक अक्षर त्या चुकीवर उभे राहते. आमच्या ड्रायव्हरवर प्रवाहाचे बारीक स्विच मोटरच्या गरजेच्या निम्म्यावर ठेवलेले होते आणि वेगवाढीचा आकडा आम्ही उत्साहाने मोठा घातला होता. दिशा बदलताना, म्हणजे नेमकी वळणावर, मोटर मागे पडत होती.

"मोटरवर लिहिलंय तेवढा करंट द्या," तो म्हणाला, "आणि वळणावर घाई करू नका. तिला वेळ द्या."

चहा झाला. बाहेर पाऊस लागला होता. वाद संपल्यावर येतो तसा एक मोकळेपणा आला होता, म्हणून आमच्यातल्या एकाने विचारले, "तू दुसऱ्या वर्षाला सोडलंस का रे?"

तो हसला. त्याचे घर कर्जत तालुक्यातल्या एका ठाकरवाडीवर. घरात ठाकरी बोलत. १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली आणि इथल्या पाण्याची वीज मुंबईकडे गेली, हे आम्ही या भागाच्या इतिहासात अभिमानाने सांगतो. त्याच्या वाडीवर वीज आली तेव्हा तो सातवीत होता. "तारा लहानपणापासून डोक्यावरून जाताना पाहिल्यात," एवढेच तो म्हणाला. मराठी घेतले, कारण मराठी सोपे असे सगळे म्हणत.

"तुम्ही चांगलं शिकवायचात, सर. ऐकायला बरं वाटायचं. पण तो एक शब्द होता, अनुभूती. रोज यायचा. कवीची अनुभूती, अनुभूतीची उत्कटता. मला कितीतरी दिवस वाटायचं, कवीची कोणी बाई असेल. अनुभूती."

आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. तोही हसला. मग आमचे हसणे एकदम थांबले.

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही विचारायचात की, समजलं का? सगळे म्हणायचे, हो सर. मी पण म्हणायचो."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. तो पुन्हा ड्रायव्हरकडे वळला आणि प्रवाहाचे स्विच सरकवू लागला. आम्ही मात्र त्या पडद्यावरच्या 'ओके'च्या रांगेकडे पाहत बसलो होतो. वीस वर्षे, वर्षाला दोनशे तास, प्रत्येक तासाला निदान चार वेळा आम्ही विचारले होते, समजलं का. आणि प्रत्येक वेळी त्या 'हो सर'वर विसंबून पुढच्या ओळीकडे गेलो होतो. वळणावर, म्हणजे नवी संज्ञा येते तिथे, आमचा वेग नेहमी जास्तच असे. कारण तिथे आम्हांला स्वतःचे बोलणे आवडत असे. त्याचे एक पाऊल 'अनुभूती'पाशी निसटले. त्यानंतर आम्ही अलौकिकता शिकवली, तादात्म्य शिकवले, साधारणीकरण शिकवले. परीक्षेत त्याची अक्षरे ओळ सोडून तरंगत होती. ती आम्हीच तपासली असणार आणि लाल शाईने खाली आकडाही आम्हीच लिहिला असणार. तेव्हा आमच्या मनात काय आले ते आठवण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. बहुधा काहीच आले नसावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. यंत्रावरून माणसाकडे असा सहज पूल बांधणे ही आम्हा साहित्यवाल्यांची सवय आहे आणि ती सवय फसवी असते. मोटरचे पाऊल निसटते ते तिच्या ताकदीच्या मर्यादेमुळे. त्या मुलात ताकद कमी नव्हती. ज्याने चार रविवारांत आम्हां दोघांना वायरिंग शिकवले, त्याच्या आकलनाविषयी शंका घेणे हास्यास्पद ठरेल. उपमेतले आमचे स्थान तेवढे नक्की आहे. आम्ही तो कंट्रोलर होतो, ज्याच्या पडद्यावर सगळे आकडे बरोबर होते. आणि कंट्रोलरला जी सवलत आहे, की परत येणारी वायरच नाही, ती आम्हांला नव्हती. तिसरा बाक आमच्यापासून दहा फुटांवर होता.

निघण्यापूर्वी त्याने एक चाचणी शिकवली. काम सुरू करण्याआधी लाकडावर शून्याच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली काढायची. काम झाले की यंत्राला शून्यावर परत बोलवायचे आणि कोरणीचे टोक फुलीवर येते का ते डोळ्यांनी पाहायचे. "पडद्यावर शून्य दाखवील तो. पडदा बघू नका. फुली बघा." मोटरलाच मोजपट्टी जोडून तिची जागा कंट्रोलरला कळवणारी महाग मोटरही मिळते, हे त्याने सांगितले; पण आमच्या कामाला फुली पुरे, असे त्याचे मत पडले.

आता मोडीची पूर्ण मुळाक्षरे सागवानी फळ्यांवर कोरून झाली आहेत. पहिली, घसरत गेलेली फळी आम्ही टाकली नाही. ती विभागाच्या कपाटात आहे. मुले डोळे मिटून खाचेतून बोट फिरवतात, आणि काहींची लेखणी खरोखरच कमी उचलली जाऊ लागली आहे.

साहित्यशास्त्राच्या तासाला 'समजलं का' हे विचारणे आम्ही दोघांनी बंद केले आहे. शेवटची दहा मिनिटे ठेवतो. त्या दिवशीची संज्ञा घ्यायची आणि घरी बोलतात त्या बोलीत, घरच्या कोणाला सांगावी तशी, ती सांगायची. आगरी, ठाकरी, कातकरी, कोणाची घाटावरची मराठी. कित्येकदा टोक फुलीपासून बरेच दूर पडते. मग त्या दिवशी पुढे जात नाही, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करतो. अभ्यासक्रम मागे राहतो आणि विभागाच्या बैठकीत त्याचा जाब द्यावा लागतो.

मागच्या महिन्यात एका मुलीने अनुभूतीचा अर्थ ठाकरीत सांगितला. तिचे सगळे शब्द आम्हांला कळले नाहीत. तिने थांबून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "समजलं का, सर?" आम्ही 'हो' म्हणायच्या बेतात होतो. मग म्हणालो, "नाही. पुन्हा सांग."